आनुवंशिक, वंशपरंपरागत, वडिलोपार्जित, पिढीजात: कुठे काय वापरायचं?

"त्यांना वंशपरंपरागत शुगर आहे" आणि "ही आमची आनुवंशिक जमीन", अशी दोन्ही वाक्यं हल्ली सर्रास लिहिलेली दिसतात. अर्थ कळतो, पण मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि कुठली गोष्ट पुढच्या पिढीकडे कशी आली त्यावर तो शब्द ठरतो, म्हणून सरमिसळ झाली की मला फार खटकतं.

आनुवंशिक हा शब्द शरीरातून येणाऱ्या गोष्टींसाठीच ठेवावा. (पहिला आ दीर्घ, समाज-सामाजिक तसं अनुवंश-आनुवंशिक.) इथे सगळ्यात मोठा घोळ होतो तो जन्मजातशी. जन्मजात म्हणजे जन्मापासून असलेलं, एवढंच. गरोदरपणात आईला रुबेला झाला म्हणून बाळाला ऐकू येत नसेल तर ते जन्मजात आहे पण आनुवंशिक नाही. याउलट काही आनुवंशिक आजार चाळिशीनंतर दिसायला लागतात. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करतात, तिथे तर हा फरक समजावून सांगावाच लागतो, कारण आईवडील दोघंही नुसते वाहक (म्हणजे दोष अंगात आहे पण आजार नाही) असतील, स्वतः ठणठणीत असतील, तरी प्रत्येक बाळंतपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. आता "जन्मजात आजार" असं म्हटलं की लोक नशीब म्हणून सोडून देतात, "आनुवंशिक" म्हटलं की निदान लग्नाआधी तपासणी करू असा विचार तरी येतो.

वंशपरंपरागत म्हणजे घराण्यात चालत आलेला अधिकार किंवा काम. नाशिकला रामकुंडावर आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तीर्थोपाध्याय गुरुजी वही काढतात आणि तुमच्या पणजोबांची नोंद दाखवतात, ती वही आणि ते यजमान त्यांच्याकडे वंशपरंपरेने आलेले असतात. पिढीजात त्याच्या जवळचाच, पण बोलण्यातला आणि धंद्याला जास्त शोभणारा. येवल्यातले पिढीजात विणकर म्हणतो आपण, आनुवंशिक विणकर कुणी म्हणणार नाही.

जमिनीला वडिलोपार्जित. यातला वडील म्हणजे नुसता बाप नाही, वडीलधारी माणसं, पूर्वज. याच्याविरुद्ध स्वकष्टार्जित, आणि कोर्टात सगळं भांडण या दोन शब्दांवरच चालतं कारण २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबात मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला तो वडिलोपार्जित मालमत्तेत. तलाठ्याकडे मात्र कुणी एवढा लांब शब्द वापरत नाही, "वारस लावायचेत" म्हणतात, नोंद गाव नमुना ६-क ला, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत होते.

वारस अरबीतून आलाय, आणि त्याच धातूवरून आलेला दुसरा शब्द म्हणजे मिरास. मराठेशाहीत जमिनीचा वंशपरंपरागत मालक तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा उपरी. मिरासदार आडनावात उरला आणि "तुझी मिरासदारी आहे का इथे" या बोलण्यात, उपरा मात्र अजून रोजच्या वापरात आहे.

आता स्वभावाचं काय? तिथे मला तरी संस्कृत शब्द नकोच वाटतो. आईच्या वळणावर गेली, मामावर गेलाय, खाण तशी माती, इतके चांगले प्रयोग असताना "तिच्यात आनुवंशिक चिकाटी आहे" कशाला लिहायचं? आणि ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण तर बघा. इथे वाण म्हणजे रंग, तो जन्माने येतो आणि संगतीने बदलत नाही, गुण संगतीने लागतो. म्हण करणाऱ्याने दोन्ही किती स्वच्छ वेगळं ठेवलंय!

द्राक्षवाले वाण हा शब्द जातीसाठी वापरतात. बी लावून तोच वाण मिळत नाही, म्हणून डॉगरीज या जातीच्या खुंटावर (मुळांसाठी लावलेल्या वेलावर) हव्या त्या वाणाची काडी भरतात, म्हणजे कलम करतात, थॉमसन असो की थॉमसनमधूनच निवडलेला तास-ए-गणेश. मुळं एकाची, घड दुसऱ्याचे.

बागलाण, मालेगावकडच्यांनी सांगावं, मूल आजोळच्या माणसांवर गेलं तर अहिराणीत काय म्हणतात? आणि देवाचा टाक, सासूकडून आलेली नथ अशा घरातल्या वस्तूंना वडिलोपार्जित सोडून एखादा छोटा, घरगुती शब्द तुमच्याकडे आहे का?