बाळ का गेलं, हे आईबापाला लेखी कळायला हवं की नको?

मानेवाडा_मावशी

माझ्या भाचीचं पहिलं बाळ सहाव्या दिवशी गेलं. मुलगा होता. दिवस भरायला पाच आठवडे बाकी असताना जन्मला, वजन एक किलो नऊशे. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी, नागपुरातच. चौथ्या दिवशी घरी सोडलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी बहिणीनं पाचवी पुजली, पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवला, सटवाईनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून. त्याच रात्री बाळ दूध ओढेना. पाय गार लागत होते. थंडीचे दिवस, म्हणून आणखी दोन दुपटी गुंडाळली. पहाटे रिक्षानं एका दवाखान्यात, तिथून चिठ्ठी घेऊन दुसरीकडे, आणि दुपारी दोनला सगळं संपलं.

मृत्यूच्या कागदावर कारण लिहिलंय, 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे'. हृदय बंद पडल्याशिवाय कोणी जात नाही. ते का बंद पडलं, हे आम्हाला हवं होतं.

दोन महिन्यांनी एक सिस्टर आणि एक आशाताई लांबलचक फॉर्म घेऊन आल्या. बाळ जन्मल्यावर लगेच रडलं का, दूध कधी सोडलं, अंग गार होतं की गरम, गाडी किती वाजता मिळाली, असं दीड तास विचारलं. भाचीनं एकेक गोष्ट आठवून सांगितली, मधे दोनदा थांबून पाणी प्याली. याला बालमृत्यू अन्वेषण म्हणतात असं त्यांनी सांगितलं. त्याला आता सात महिने झाले. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, समितीपुढे ठेवलं आहे, अहवाल गोपनीय असतो.

इकडे घरात निकाल कधीच लागला. शेजारीण म्हणाली, झोपेत पाजलं असेल, दूध नाकात गेलं असेल. सासरी म्हणतात, माहेरी नीट बघितलं नाही. भाची मला विचारते, "मावशी, तीन वाजता पाजताना मला डुलकी लागली होती का गं?"

माझं मत असं की समितीचा निष्कर्ष आईबापाला मराठीत, लेखी मिळाला पाहिजे. डॉक्टर-सिस्टरची नावं नकोत. फक्त बाळ कशानं गेलं आणि कुठे काय राहून गेलं, एवढंच. तुम्हाला काय वाटतं?

बालरोग_विदर्भ

ताई, आधी तुमच्या भाचीबद्दल खूप वाईट वाटलं, हे मनापासून सांगतो. आणि तो कागद चुकीचाच भरलाय. मृत्यूचं कारण लिहायच्या फॉर्मवरच छापलेलं असतं की आजार किंवा गुंतागुंत लिहा, मरण कसं आलं ते लिहू नका. तरी आम्ही डॉक्टर सर्रास 'हृदय बंद' लिहितो, कारण त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही.

पण अहवाल लेखी द्यायला माझा विरोध आहे. वीस वर्षं मी अशा बैठकांना बसतोय. एकदा एका जन्मतः न रडलेल्या बाळावर चर्चा चालली होती. श्वास सुरू करून द्यायला पहिलं मिनिट महत्त्वाचं असतं. पिशवी-मास्क लावला होता, तरी छाती हलत नव्हती. सगळे एकमेकांकडे बघत असताना एक शिकाऊ डॉक्टर मुलगी उठून म्हणाली, सर, मास्क मोठा होता, हवा बाजूनं निघून जात होती, माझ्या लक्षात आलं नाही. कमी दिवसांच्या बाळाला शून्य नंबरचा मास्क लागतो, ट्रेमध्ये फक्त एक नंबरचा होता. दुसऱ्याच दिवसापासून प्रत्येक ट्रेवर दोन्ही मास्क आले आणि ड्यूटी बदलताना ते मोजून सही करायची पद्धत पडली. ते वाक्य लेखी होऊन नातेवाइकांच्या हातात जाणार असतं, तर ती मुलगी उठली असती का?

भंडाऱ्याचं आठवा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बाळं गेली. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडला २४ तासांत २४ रुग्ण गेले, त्यात १२ नवजात. तर खासदारांनी अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावला. कारण शोधायला मान खाली घालून बसावं लागतं, आणि आपल्याकडे कारण म्हटलं की आधी गचांडी धरायला माणूस शोधतात. इंग्लंडमध्ये माता मृत्यूंच्या चौकशा १९५२ पासून चालू आहेत, आणि त्या नावातच गोपनीय आहेत. त्या इतकी वर्षं टिकल्या त्या त्यामुळेच, असं माझं मत आहे.

नंदनवनकर

मी डॉक्टर नाही, वय ७४. आमची पहिली मुलगी १९७९ साली अकरा दिवसांची होऊन गेली. तेव्हा अन्वेषण वगैरे काही नव्हतं. घाटावर खड्डा करून ठेवली आणि आलो. बायको अजून अक्षय तृतीयेला एक वाटी वेगळी काढते, कोणासाठी ते बोलत नाही, मीही विचारत नाही. मावशीबाई, कागद हातात देऊन त्या पोरीला पुन्हा तिथेच उभं करू नका. कारण कळलं म्हणून बाळ येत नाही. तिला दुसरं लेकरू होऊ द्या, काळ जाऊ द्या.

मानेवाडा_मावशी

काका, तुमचं दुःख मला कळतं. पण ती तिथेच उभी आहे. तिला तिथून कोणी हलवलेलंच नाही.

आणि सटवाईचं म्हणाल, तर माझी आजी सांगायची, पूर्वी कितीतरी बाळं पाचव्या ते आठव्या दिवसात आकडी येऊन, जबडा धरून जायची. सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं म्हणायचे. तो धनुर्वात होता. विळ्यानं नाळ कापायची, वर शेण-राख लावायची, त्यातून होणारा. कोणीतरी 'का' विचारलं, म्हणून गरोदरपणातली इंजेक्शनं आली, नवं ब्लेड आलं, आणि २०१५ मध्ये भारतातून नवजातांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं.

आशा_पारशिवनीकडची

मी अकरा वर्षं आशा आहे, तर माझंही ऐका. तुमची भाची माहेरी आली, तिथंच घोळ झाला. तिचं नाव सासरच्या आशाच्या यादीत, बाळ नागपुरात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आम्हाले तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असते. काट्यावर वजन करायचं, काखेत थर्मामीटर, पोट वरखाली होते ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. साठच्या वर गेलं का धोका. दूध सोडलं, अंग गार पडलं, छाती आत ओढली, का लगेच गाडी. हे सारं तिकडच्या आशाले येते, पण बाळंतीणच तिथं नाही. आणि इकडच्या आशाले माहीतच नाही का या गल्लीत बाळंतीण आली आहे. माहेरवाशिणीचं बाळ दोन याद्यांच्या मधात पडते.

आता लेखीचं. मागे आमच्याकडे असंच एक बाळ गेलं, माहेरी. चौकशी झाली आणि नोटीस कोणाले आली? मले. गृहभेट का दिली नाही म्हणून. पोरगी सत्तर किलोमीटरवर होती जी! ज्या दवाखान्यानं कमी वजनाचं बाळ लवकर घरी सोडलं त्यायले काही नाही. कागद वरून खाली येते तसा खालच्याच माणसावर पडते. म्हणून लेखी नको म्हणते मी. पण कोणीतरी परत त्या घरी जाऊन आईजवळ बसून सांगितलं पाहिजे, हे सोळा आणे खरं. फॉर्म भरून निघतानी ती बाई आपल्या तोंडाकडे पाहत राहते. आपल्याले काही सांगता येत नाही. मले ते फार लागते.

गड्डीगोदाम_९८

गोपनीय गोपनीय म्हणून चुकाच लपवून राहिले सगळे. आईपेक्षा मोठा हक्क कोणाचा?

कोर्टकचेरी

वकिली करतो, म्हणून थोडं कायद्याचं. डॉक्टरसाहेबांची भीती मला मान्य आहे, पण ती वाजवीपेक्षा जास्त आहे. एक तर उपचारांची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियम २००२ पासून आहे. ज्याला खटलाच भरायचा आहे तो फाइल घेऊन भरतोच, त्याला समितीच्या निष्कर्षाची गरज नाही. दुसरं, २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी गुन्हा चालवण्याआधी तज्ज्ञ डॉक्टरचं मत हवं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. माता मृत्यूच्या अन्वेषणात जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या आढाव्याला गेलेल्या बाईच्या नातेवाइकांना बोलावायची तरतूद आहे. म्हणजे घरच्यांना खोलीत घेतल्यानं पद्धत मोडत नाही, हे सरकारनंच मान्य केलंय. बैठकीतलं बोलणं गोपनीय ठेवा, कोण उठून काय म्हणालं ते बाहेर जाऊ नये. निष्कर्षाचं एक पान मात्र घरी जाऊ द्या. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मानेवाडा_मावशी

मला नेमकं हेच म्हणायचं होतं, नीट मांडता आलं नाही.

डॉक्टर, एक विचारते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन आपल्या नागपुरात आणली गेली, कितीतरी इथेच गेली. सगळ्यांनी आधी कोणतं औषध घेतलं हे कोणी विचारलं नसतं तर? तमिळनाडूच्या तपासणीत त्या कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, ते जगजाहीर झालं, म्हणून घरोघरच्या बाटल्या बाहेर पडल्या. ते कारण बंद खोलीत राहिलं असतं तर आणखी किती लेकरं गेली असती?

बालरोग_विदर्भ

ताई, ते विष होतं. प्रयोगशाळेत मोजता येतं, आकडा निघतो. नवजात बाळाचं तसं नसतं, आणि लेखी नको म्हणण्याचं माझं खरं कारण हेच आहे. महाराष्ट्रात २०२० च्या सरकारी पाहणीत हजार जन्मांमागे १६ बाळं वर्षाच्या आत जात होती, त्यातली ११ पहिल्या २८ दिवसांत. त्यांची मोठी कारणं ठरलेली आहेत. कमी दिवस, कमी वजन, जन्मताना गुदमरणं, जंतुसंसर्ग, जन्मजात व्यंग. पण एकाच बाळात यातली तीन एकत्र असतात. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ती तपासणी, घेतलेलं असेल तर थोडं बोलता येतं, आणि पुष्कळदा ते घ्यायलाच वेळ मिळत नाही. शवविच्छेदन कोणी करू देत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही आईबापाकडे मागत नाही, माझं तोंड उघडत नाही. मग उरतं ते घरी जाऊन विचारलेल्या उत्तरांवरून काढलेलं अनुमान. आम्ही लिहिणार 'बहुधा जंतुसंसर्ग'. घरात 'बहुधा' कोणी वाचणार नाही. कोणी म्हणेल जंतू बाळंतिणीचे, कोणी म्हणेल दवाखान्याचे.

तरी एक गोष्ट सांगतो, कारण तुम्ही लिहिलेलं वाचल्यापासून ती डोक्यात आहे. फाइल बघितल्याशिवाय निदान करणार नाही. पण दूध श्वासनलिकेत जाऊन गेलेलं बाळ तोपर्यंत चांगलं ओढत असतं, आणि ते अचानक होतं. तुमच्या बाळानं रात्रीच दूध सोडलं होतं, पाय गार पडले होते, आणि त्यानंतर ते दुपारपर्यंत जिवंत होतं. आजारी बाळ आधी दूध सोडतं. दूध पाजल्यानं ते आजारी पडलेलं नाही. भाचीला डुलकी लागली असो वा नसो, त्याचा याच्याशी संबंध मला दिसत नाही.

आशा_पारशिवनीकडची

डॉक्टरसाहेब, हे एवढंच कोणी पहिले बोललं असतं तर.

मानेवाडा_मावशी

सात महिन्यांत आम्हाला हे कोणी सांगितलं नाही, आणि तुम्हाला लिहायला पाच मिनिटं लागली असतील. 'बहुधा' असलं तरी चालेल हो डॉक्टर. आमच्याकडे सध्या जे आहे त्यात 'बहुधा'सुद्धा नाही, सगळे खात्रीनं बोलतात.

नंदनवनकर

वाचतोय. माझं मत अजून तेच आहे. पण डॉक्टरांनी आता जे लिहिलं ते कागदावर देण्यापेक्षा असं बोलून सांगितलं, हे बरं वाटलं.

कोर्टकचेरी

काका, बोललेलं सासरपर्यंत पोहोचत नाही. कागद पोहोचतो.

मानेवाडा_मावशी

काल रात्री भाचीला फोनवर वाचून दाखवलं. 'आधी दूध सोडतं' हे वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं. मग बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, डॉक्टरांना विचार, पाय गार लागले तेव्हा रात्रीच नेलं असतं तर?

डॉक्टर, याचं काय उत्तर देऊ?

बालरोग_विदर्भ

ते उत्तर इथे लिहिणार नाही, आणि तुम्हीही फोनवर देऊ नका. दोन्ही दवाखान्यांच्या फाइली लेखी अर्ज करून मागून घ्या, वर वकीलसाहेबांनी नियम सांगितलाच आहे. सुट्टीचं कार्ड, रेफरची चिठ्ठी, बाळाच्या वजनाची नोंद, सगळं आणा. भाचीसोबत तिच्या नवऱ्याला आणा, आणि सासूबाई येत असतील तर त्यांनाही. मी वेगळा निरोप पाठवतो, त्यात पत्ता आहे. गुरुवारी दुपारी चारनंतर ओपीडी रिकामी असते, घाईनं बोलावं लागणार नाही.

मानेवाडा_मावशी

अर्ज आजच देते. सासूबाईंना मी स्वतः जाऊन घेऊन येते.