वरचा थर केवळ बाष्पीभवनाने होत नाही

मेंब्रेनवरचा, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पातळ पॉलिमर पडद्यावरचा, घट्ट थर पॉलिमर विरघळवणारा द्रावक हवेत उडून गेल्यामुळे बनतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. लोब आणि सौरीराजन या संशोधकांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात घडवलेल्या सेल्युलोज ॲसिटेटच्या मेंब्रेनपुरते ते बरेचसे पटते, कारण त्यांच्या मिश्रणात झटकन उडणारे ॲसिटोन होते. मात्र डायमिथाइलफॉर्ममाइड या द्रावकातील पॉलिसल्फोन या पॉलिमरचे द्रावण काचेवर पसरून लगेच पाण्यात बुडवले, तरीही वर पातळ थर येतोच. आणि १५३ अंश सेल्सिअसला उकळणारा हा द्रावक तेवढ्या वेळात हवेत कितीसा उडणार? येथे निर्णायक ठरते ती देवाणघेवाण: पृष्ठभागातून द्रावक बाहेर पडण्याचा वेग पाणी आत शिरण्याच्या वेगापेक्षा जास्त असल्याने तेथे पॉलिमर दाट होत जाऊन गोठतो, आणि तोच थर पुढची देवाणघेवाण मंदावत असल्यामुळे खालच्या द्रावणाला पॉलिमरने दाट आणि पॉलिमरने विरळ अशा दोन भागांत विभागून सच्छिद्र होण्यास अवधी मिळतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे घरगुती आरओच्या मेंब्रेनवरचा थर अशा रीतीने बनतच नाही. तेथे सच्छिद्र पॉलिसल्फोनवर मेटाफेनिलीनडायअमाइन या अमाइनचे पाण्यातील द्रावण मुरवून वरून हेक्झेनसारख्या द्रवातील ट्रायमेसॉइल क्लोराइड हे त्याच्याशी संयोग पावणारे रसायन सोडतात; दोन्ही द्रवांच्या सीमेवर काही सेकंदांतच पॉलिअमाइड हा पॉलिमर तयार होतो. हा थर स्वतःच अमाइनची वाट अडवत असल्याने त्याची वाढ साधारण १०० ते २०० नॅनोमीटरवर मंदावते, म्हणूनच तो इतका पातळ राहतो.