आठ वर्षं टेस्टिंग, आता बेंचवर आणि राजीनामा मागतायत. पुण्यात पुढे कुठे शोधायचं?

बेंचवरचा_टेस्टर

पुण्यातल्या एका सर्व्हिस कंपनीत ७ वर्षं ८ महिने झाली, सगळी टेस्टिंगमध्ये. शेवटची ५ वर्षं एका परदेशी बँकेच्या पेमेंट्स प्रोजेक्टवर होतो. बहुतेक काम मॅन्युअल, एसक्यूएल रोजचं, सेलेनियमच्या (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) तयार स्क्रिप्ट चालवणं आणि थोडीफार दुरुस्ती. प्रोजेक्ट संपला, आता बेंचवर, म्हणजे पगार चालू पण काम नाही. एचआरने तोंडी सांगितलंय की महिनाअखेरीपर्यंत राजीनामा द्या, दोन महिन्यांचा बेसिक देऊ. नोकरीच्या साइट्सवर रोज अर्ज टाकतोय, कॉल येत नाहीत. घराचा हप्ता चालू आहे.

टेस्टिंग सोडून सहा महिन्यांचा डेटा सायन्स किंवा एआयचा कोर्स करावा का? पुण्यात नेमकं कुठे शोधावं? आणि राजीनामा देण्याआधी काय काय बघून घ्यायचं?

क्यूए_कट्टा

कोर्स नको. सहा महिन्यांनी तुम्ही डेटा सायन्समध्ये शून्य अनुभवाचे उमेदवार असाल आणि पगार आठ वर्षांचा मागाल. हे गणित जुळत नाही, त्यात कोर्सची फी वेगळीच.

तुमचं खरं भांडवल पेमेंट्स आहे, पण रिझ्युमेवर बहुधा पहिली ओळ 'मॅन्युअल टेस्टर, ७+ वर्षं' अशीच असेल. ती बदला. स्विफ्टवर (बँकांचं आपसातल्या संदेशांचं जाळं) सीमापार पेमेंटचे जुने एमटी संदेश आणि नवे आयएसओ २००२२ संदेश शेजारी शेजारी चालण्याचा काळ नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. तरी बँकांच्या आतल्या जुन्या सिस्टिम्स एका दिवसात बदलत नाहीत, त्यामुळे रूपांतराची चाचणी हे काम संपलेलं नाही. पॅक्स ००८ या नव्या पेमेंट संदेशात नाव १४० अक्षरांपर्यंत जातं. त्याच्या जुन्या जोडीदाराच्या, म्हणजे एमटी १०३ च्या, ५९ नंबरच्या फील्डमध्ये नाव आणि पत्ता मिळून ३५ अक्षरांच्या चार ओळी. नव्यातून जुन्यात रूपांतर करताना नाव कापलं जातं, मग निर्बंध-यादीच्या तपासणीत चुकीचे हिट येतात किंवा खरा हिट निसटतो. अशी केस तुम्ही पकडली असेल तर ती रिझ्युमेच्या पहिल्या तीन ओळींत हवी. 'टेस्ट केसेस लिहिल्या, डिफेक्ट लॉग केले' हे सगळेच लिहितात.

आता उणी बाजू. निव्वळ मॅन्युअलला मागणी फार थोडी राहिली आहे, त्यामुळे ऑटोमेशन लागेलच. रोज तीन तास दिले तर ८ ते १० आठवडे पुरतात, पण क्रम बघा: आधी जावाचा पाया (स्ट्रिंग, कलेक्शन्स, एक्सेप्शन) तीन आठवडे, मग रेस्ट अ‍ॅशुअर्ड ही जावाची लायब्ररी वापरून एपीआय टेस्टिंग (स्क्रीनशिवाय, सिस्टिम्समधल्या देवाणघेवाणीची चाचणी), आणि त्यानंतर सेलेनियम किंवा प्लेराइट. बहुतेक लोक सेलेनियमपासून सुरुवात करतात. पेमेंट्समध्ये स्क्रीन कमी, संदेश, फाइल्स आणि क्यू जास्त; म्हणून एपीआय आधी. शेवटच्या आठवड्यात सगळं जेनकिन्स किंवा गिटहब अ‍ॅक्शन्सवर चढवा, म्हणजे कोड टाकला की टेस्ट आपोआप चालतील.

मुलाखतीत घसरतात ते ठरलेल्या जागी. यूट्यूबवरून फ्रेमवर्क जसंच्या तसं उतरवलेलं असतं, आणि ड्रायव्हर (ब्राउझर चालवणारा ऑब्जेक्ट) स्टॅटिक, म्हणजे सगळ्या टेस्टना सामायिक, ठेवल्यावर टेस्ट समांतर चालवल्या की का फुटतात, याचं उत्तर येत नाही (सगळे थ्रेड एकाच ब्राउझरवर तुटून पडतात, प्रत्येक थ्रेडला वेगळा ड्रायव्हर देणारं थ्रेडलोकल त्यासाठीच असतं). इम्प्लिसिट आणि एक्स्प्लिसिट वेट (पान तयार होईपर्यंत थांबण्याच्या दोन पद्धती) एकत्र वापरले की टाइमआउटचा हिशेब बिघडतो, हेही विचारतातच. जागोजागी थ्रेड.स्लीप (ठरावीक सेकंद नुसतं थांबणं) दिसलं की समोरचा माणूस तिथेच मनातल्या मनात नकार लिहितो.

एआयबद्दल एवढंच: टेस्ट केसेस लिहायला ही टूल्स वापरा, पण ती कुठे फसतात हे सांगता आलं पाहिजे. कोड जे करतोय तेच बरोबर मानून ती असर्शन (निकाल तपासणारी ओळ) लिहितात, म्हणजे बग असलेला कोडही पास.

खराडीकर

कुठे शोधायचं, तर दुसऱ्या सर्व्हिस कंपनीच्या दारात नंतर जा. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये १२ हजारांवर लोक कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा रोख मधल्या आणि वरच्या फळीवर होता. तुमचा अनुभव त्याच पट्ट्यात येतो. परदेशी बँकांची स्वतःची सेंटर्स, ज्यांना जीसीसी म्हणतात, ती आधी धरा. पुण्यात बार्कलेज, डॉइश बँक, बीएनवाय, यूबीएस, एचएसबीसी, सिटी, नॉर्दर्न ट्रस्ट आहेत. शिवाय मास्टरकार्ड, फायसर्व्ह, एफआयएस. खराडी, येरवडा, मगरपट्टा या पट्ट्यात यातली बरीच ऑफिसं आहेत, फक्त हिंजवडी बघत बसू नका.

अर्ज थेट त्यांच्या करिअर पानावर करा. 'पेमेंट्स', 'आयएसओ २००२२', 'क्वालिटी इंजिनिअर', 'एसडेट' (टेस्टिंगसाठी कोड लिहिणारा इंजिनिअर) असे शब्द टाकून अलर्ट लावा आणि जागा निघाल्यावर एक-दोन दिवसांत अर्ज जाऊ द्या. लिंक्डइनच्या एका क्लिकच्या अर्जांचा ढीग एवढा होतो की उशिरा आलेला अर्ज कुणी उघडतही नाही.

रेफरलमध्ये एक सापळा आहे. एखाद्या कन्सल्टन्सीने तुमचा रिझ्युमे त्या कंपनीला आधीच पाठवला असेल, तर नंतर मित्राने केलेलं रेफरल 'डुप्लिकेट' म्हणून परत येतं. काही ठिकाणी ती नोंद सहा महिने टिकते. म्हणून कन्सल्टन्सीचा फोन आला की क्लायंटचं नाव विचारा, आणि ईमेलवर होकार दिल्याशिवाय रिझ्युमे पुढे पाठवू नका असं बजावा. नाव सांगत नसतील तर फोन ठेवा.

नोकरी डॉट कॉमवर नोटीस पिरियड अजून तीन महिने दिसत असेल तर कॉल न येण्याचं एक कारण तेच. रिक्रूटर आधी नोटीस पिरियडचाच फिल्टर लावतात. शेवटची तारीख लेखी ठरली की 'नोटीस पिरियड चालू' निवडून ती तारीख भरा. लगेच रुजू होऊ शकणं ही या क्षणी तुमची जमेची बाजू आहे. रिझ्युमे दोन पानी, एका कॉलममध्ये, टेबल आणि फोटो काढून टाका. पोर्टलवर चढवताना टेबलातला मजकूर विस्कटतो.

पगारपत्रक

राजीनाम्याची घाई करू नका. एकदा दिलात की कागदोपत्री ती स्वेच्छेने सोडलेली नोकरी होते, नंतर भांडायला जागा उरत नाही. तोंडी सांगितलंय त्याला किंमत नाही. 'आज चर्चा झाली त्याप्रमाणे...' असा ईमेल एचआरला टाका आणि रक्कम, शेवटचा दिवस, नोटीसचा पगार, उरलेल्या रजांचे पैसे, रिलीव्हिंग लेटर असं सगळं लेखी मागा. आणि 'दोन महिन्यांचा बेसिक' म्हणजे नेमकं काय? कराराप्रमाणे मिळायचा नोटीसचा पगारच त्यात धरला असेल तर ते तुम्हाला वेगळं काहीच देत नाहीत.

ग्रॅच्युइटी तर हक्काचीच आहे. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची ८ वर्षं. ग्रॅच्युइटीसाठी धरायचं मासिक वेतन ४०,००० असेल तर ४०,००० × १५ ÷ २६ × ८, म्हणजे सुमारे १,८४,६१५ रुपये. देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी. ही रक्कम भरपाईत मिसळून दाखवत असतील तर वेगळी लिहून मागा.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पेन्शन योजनेचे सभासद असाल तर पेन्शनला १० वर्षं लागतात. आता पेन्शनचे पैसे काढले तर आठ वर्षं पुसली जातील. पीएफ पोर्टलवर 'नोकरी सोडल्याची तारीख' चढली का ते बघा. कंपनीने टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते. तारीख चुकून पुढची पडली आणि नव्या नोकरीशी ओव्हरलॅप झाली, तर पार्श्वभूमी तपासणीत दोन नोकऱ्या एकदम केल्यासारखं दिसतं.

कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी बंद होतो. घरात कुणाला आधीपासूनचा आजार असेल तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज त्याआधीच करा, म्हणजे प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाणार नाही.

आणि हप्ता चुकवू नका. बँकांच्या सेंटर्समध्ये तपासणीत बऱ्याचदा सिबिलही बघतात. जमणार नसेल तर हप्ता थकण्याआधी बँकेत जाऊन बोला, थकल्यावर नाही.

सी_आणि_कॅन

केपीआयटी, टाटा टेक्नॉलॉजीज यांच्याकडचं ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअर कुणीच का सुचवत नाही? पुण्याचा तो बालेकिल्ला आहे.

क्यूए_कट्टा

आहेच, पण या अनुभवासाठी नाही. तिथे सी भाषा, गाडीतलं कॅन नेटवर्क, यूडीएस (गाडीतले दोष तपासण्याची संदेश-पद्धत) आणि कॅनो हे चाचणीचं टूल, यांवर प्रत्यक्ष काम केलेलं मागतात. त्या टूलचं लायसन्स आणि हार्डवेअर घरी परवडणारं नाही, व्हिडिओ बघून ते हाताला लागत नाही. नुकत्याच पास झालेल्या कुणाला त्यात शिरायचं असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेडचा (उपकरणांच्या आतलं सॉफ्टवेअर) पदविका कोर्स योग्य.

बेंचवरचा_टेस्टर

एचआरला ईमेल टाकला. आणखी दोन प्रश्न. एक कन्सल्टन्सी बँकेतली जागा पक्की म्हणतेय, पण ३५ हजार 'रिफंडेबल डिपॉझिट' मागतेय. दुसरीकडे एका जीसीसीत एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आहे, पगार तिसऱ्या कंपनीच्या पेरोलवर. घ्यावं का?

खराडीकर

त्या कन्सल्टन्सीचा नंबर ब्लॉक करा. बँकेतल्या खऱ्या जागेसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. हेच लोक पुढे ऑटोमेशनचा खोटा अनुभव 'लावून देतो' म्हणतात, आणि पीएफच्या नोंदींशी ताडून पाहिलं की तो उघडा पडतो.

कॉन्ट्रॅक्ट मात्र घेण्यासारखं आहे, काम पेमेंट्सचंच असेल तर. सही करण्याआधी चार गोष्टी तपासा: पीएफ कापतात का, दोन्ही बाजूंचा नोटीस पिरियड सारखा आहे का, कायम करण्याबद्दल करारात लेखी काही आहे का, आणि पेरोल कंपनी सोडून त्याच क्लायंटकडे थेट जायला बंदी घालणारं कलम आहे का. शेवटचं कलम असेल तर किती महिन्यांचं आहे ते विचारा आणि कमी करून मागा. सहीआधी ऐकतात.