मदत हवी आहे: टॉप फ्लोअरवर एसीचं आउटडोअर कुठे लावू? (नागपूर)

नमस्कार मंडळी, मानेवाड्याकडे आमचा फ्लॅट आहे, बिल्डिंगचा सगळ्यात वरचा मजला म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. आजपर्यंत कूलरवर भागवलं, पण घरात आता लहान बाळ आहे आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कूलर नुसती चिकचिक वाढवतो, म्हणून एका बेडरूमला इन्व्हर्टर एसी घ्यायचा विचार करून राहिलो. खोली १० बाय १२, पश्चिमेची भिंत पूर्ण उघडी, समोर ना झाड ना इमारत. रात्री अकरालाही त्या भिंतीला हात लावला तर तव्यासारखी लागते, आणि स्लॅबचं तर बोलूच नका.

इन्स्टॉलेशनवाला पाहून गेला, म्हणे गच्चीवर टाका, पाइप कमी लागतो, सर्व्हिसिंगला सोपं. पण मे महिन्यात दुपारी आमच्या गच्चीवर चप्पल घालूनही उभं राहवत नाही, तिथली हवा ओढून ते यंत्र काय थंड करणार बाप्पा? दुसरी जागा दक्षिणेची बाल्कनी, वर छज्जा आहे पण पाइप वळसा घालून लांब जातो. तिसरी म्हणजे बाथरूमचा डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी बंदिस्त पोकळी), खालच्या लोकांनी तिथेच लावलेत.

आणि १ टन का दीड? एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं माप) एवढं समजतं, पण ती क्षमता मोजतात बाहेर ३५ डिग्री असताना, आपल्याकडे नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागायच्या आधीच ४५ होऊन बसते. स्टार लेबलवरचे वर्षाचे विजेचे युनिटपण १६०० तासांचे आणि बाहेर २४ ते ४३ डिग्री धरून काढलेले, म्हणजे आपली मे महिन्यातली दुपार त्या हिशोबात बसतच नाही! बिल ३०० युनिटच्या वर गेलं की पुढचा दर लागतो, म्हणून एवढी विचारपूस.

कूलर खिडकीतच ठेवला तर चालेल का? बाजूच्या फटीत थर्माकोल कोंबलंय. बाबांचं म्हणणं दुपारी कूलर, रात्री एसी.

प्रतिसाद
भाऊ, डोळे झाकून बाल्कनी. नागपुरात २६ मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला तिरपं ऊन लागतच नाही, छज्जा असला तं युनिट सावलीत. मार खाते ती गच्ची आणि संध्याकाळी पश्चिमेची भिंत. तसं नुसत्या सावलीनं बिल फार उतरत नाही, गरम हवा मोकळी निघून जाणं जास्त महत्त्वाचं, म्हणून डक्टच्या नादी लागू नका, तिथे सगळे एसी एकमेकांची गरम हवा खातात आणि ती वर चढत असल्यानं तुमच्या वाट्याला सगळ्यात जास्त. बाल्कनीचा कठडा भरीव असेल तर स्टँड उंच घ्या, पंख्याची हवा कठड्यावरून बाहेर फेकली गेली पाहिजे, मागेही वीतभर जागा सोडा. पाइप लांब झाला तर थोडं नुकसान होते, पण तांब्याचा घ्या, इन्सुलेशन कुठे उघडं राहू देऊ नका आणि व्हॅक्यूम पंप लावल्याशिवाय गॅस सोडू देऊ नका. काही पोरं घाईत गॅसच्याच दाबानं हवा काढतात, समोर उभे राहा.

प्रतिसाद
आधी स्लॅबचं पाहा हो. गच्चीवर पांढरा कूल कोट (ऊन परतवणारा रंग) मारा, वर ग्रीन नेट बांधा, पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून नको, बाहेरून वाळ्याची ताटी लावा, ऊन काचेच्या आत आलं की मग पडदा काय करणार. हे सगळं केलं तर १ टनात भागू शकतं, नाहीच करायचं तर टॉप फ्लोअरला दीड घ्या, इन्व्हर्टर असल्यानं खोली गार झाली की तो आपोआप हळू चालतो. सेटिंग २६ आणि वर पंखा, बीईईच्या (स्टार लेबल देणारी सरकारी संस्था) हिशोबानं एका डिग्रीमागे ६ टक्क्यांच्या आसपास वीज वाचते.

बाबांना सांगा, दिवसभर कूलर चालवून भिंती-गाद्या दमट केल्या की रात्री एसीची बरीच ताकद ते पाणी काढण्यातच जाते. कूलर हॉलमध्ये घ्या, बेडरूमची खिडकी नीट बंद करा, थर्माकोलनं काही होत नाही.

धागाकर्ता
धन्यवाद राजेहो! बाल्कनी पक्की, बाबांचा कूलर हॉलमध्ये. कूल कोट आधी मारतो, टनाचं त्यानंतर ठरवतो. फक्त एक सांगा, ग्रीन नेट गच्चीपासून किती उंच बांधायचं? शेजारच्या बिल्डिंगवरचं अवकाळीच्या वादळात फाटून आमच्या टाकीला गुंडाळलं गेलं होतं, लोखंडी पाइपाचा सांगाडा करावा लागेल का नायलॉनच्या दोरीवर भागते?