वॉर्फरिन चालू असताना प्रोटीन सी, प्रोटीन एस पाठवायचं का? (चोपडा ते जळगाव)

तापीकाठ:
राम राम मंडळी, मदत हवी आहे. 34 वर्षांच्या बाई, मांडीच्या शिरेत गुठळी. तीन आठवड्यांपासून वॉर्फरिन (गुठळी वाढू न देणारी, रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) 2.4. चिठ्ठीवर पूर्ण थ्रॉम्बोफिलिया प्रोफाइल (गुठळी होण्याचा कल शोधणाऱ्या तपासण्या) लिहिलंय. नमुना एसटीनं जळगावला जाईल, तेही मे महिन्यात. शिवाय घरचे विचारताहेत, गोळ्यांआधीचे पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचण्या) नॉर्मल होते, मग गुठळी झालीच कशी?

निळंझाकण:
शेवटच्या प्रश्नापासून घेतो. पीटी आणि एपीटीटी सांगतात की रक्त गोठायला उशीर होतो का. गुठळी होण्याचा कल त्यांत दिसत नाही. उलट ल्युपस अँटिकोअॅग्युलंट (एक प्रकारची अँटिबॉडी) असेल तर एपीटीटी लांबतो आणि पेशंटला मात्र गुठळ्या होतात.

प्रोटीन सी आणि एस (गुठळी रोखणारी रक्तातली प्रथिनं) आत्ता पाठवू नका. दोन्ही व्हिटॅमिन के वर अवलंबून, वॉर्फरिनवर कमीच येणार, आणि बाईंच्या फाइलवर जन्मजात कमतरतेचा खोटा शिक्का बसेल. गोळी थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांनी करा. पण तपासणीसाठी गोळी थांबवायची नाही, ते फक्त डॉक्टर ठरवतील. गरोदरपणात आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवरही प्रोटीन एस उतरतं, तेव्हा पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं आधी विचारा. हेपरिन (रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन) चालू असेल तर अँटिथ्रॉम्बिन (गुठळी रोखणारं आणखी एक प्रथिन) कमी येतं.

आज चालेल ते: फॅक्टर फाइव्ह लायडन आणि प्रोथ्रॉम्बिन जीन (गुठळीचा कल वाढवणारे जनुकांतले बदल), कारण डीएनएवर औषधाचा परिणाम नाही. कार्डिओलिपिन आणि बीटा-2 ग्लायकोप्रोटीन अँटिबॉडीही (ल्युपस अँटिकोअॅग्युलंटच्याच जातीच्या) चालतील. पॉझिटिव्ह आल्या तर किमान 12 आठवड्यांनी परत, एकदाच्या रिपोर्टवर निदान होत नाही.

तापीकाठ:
धन्यवाद भाऊ. पुढे प्रोटीन एस करायची वेळ आली तर नमुना कसा पाठवू?

सेंट्रीफ्यूज_धुळे:
खरं सांगू? पेशंटलाच जळगावला पाठवा, रक्त तिथेच घेऊ द्या. निम्म्या भानगडी टळतात.

ते जमत नसेल तर 3.2 टक्के सायट्रेटची (रक्त गोठू न देणारं द्रव्य) ट्यूब, 2.7 मिली रक्ताला 0.3 मिली सायट्रेट, रेघेपर्यंत भरलेली. कमी भरली की सायट्रेट जास्त होतं आणि वेळा खोट्या लांबतात. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) 55 टक्क्यांच्या वर असेल तरी तेच होतं, तिथे सायट्रेट कमी करावं लागतं. बटरफ्लाय सुई असेल तर नळीतल्या हवेमुळे पहिली ट्यूब कमी भरते, ती टाकून द्या. सीबीसीची जांभळी ट्यूब नेहमी नंतर. हलकेच चार-पाच वेळा उलटी-सुलटी करा, जोरात हलवू नका.

तासाभरात सेंट्रीफ्यूजमध्ये 1500 जी (गुरुत्वाच्या 1500 पट) वर 15 मिनिटं फिरवा. वरचा प्लाझ्मा प्लास्टिकच्या नळीत काढताना पेशींच्या थरावर अर्धा सेंमी राहू द्या, मग तो परत तेवढाच फिरवा. प्लेटलेट मायक्रोलिटरला 10,000 च्या खाली हवेत. गोठवल्यावर उरलेले प्लेटलेट फुटले तर ल्युपस अँटिकोअॅग्युलंटची चाचणी खोटी निगेटिव्ह येते. अख्खं रक्त फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. गोठवलेला प्लाझ्मा कोरड्या बर्फात. जेलपॅकच्या डब्यात वाटेत वितळून परत गोठला, तर आकडा येईल पण भरवशाचा नसेल.

निळंझाकण:
एक राहिलं. बाई सातपुड्याच्या पाड्यावरच्या असतील, भिल्ल किंवा पावरा, तर आधी सिकल सेलची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करा. सिकलमुळेही गुठळीचा धोका वाढतो आणि ही तपासणी वॉर्फरिन चालू असताना बिनधास्त होते. डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारे तुकडे) मात्र सिकलमध्ये एरवीही वाढलेलंच असतं, त्यावरून काही ठरवू नका. नुकतं रक्त चढवलं असेल तर एचपीएलसी तीन महिन्यांनी.