लिल हार्डिन म्हणजे फक्त लुई आर्मस्ट्राँगची बायको?

रेवा_कोथरूड
रविवारी आमच्या गटात जॅझ कॉर्नेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ या बँडच्या रेकॉर्ड्स (१९२५-२७) ऐकल्या. दीड तासात पियानोवरच्या लिल हार्डिनचं नाव एकदाच आलं, तेही ‘लुईची दुसरी बायको’ म्हणून. मला ते फार लागलं. मेम्फिसमध्ये जन्मलेली ही मुलगी शिकागोत संगीताच्या दुकानात गिऱ्हाइकांना गाणी वाजवून दाखवायची. तिथून ती कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या जॅझ बँडमध्ये पोचली, लुई तिथे यायच्या आधीच. १९२४ मध्ये तिनेच लुईच्या मागे लागून त्याला ऑलिव्हरचा बँड सोडायला लावला. ‘स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू’ तिची रचना. रे चार्ल्सने गायलेलं ‘जस्ट फॉर अ थ्रिल’सुद्धा तिचंच. एवढं करून ओळख काय, तर बायको!

पेठेतला_श्रोता
रचनाकार म्हणून मान आहेच. पण वादनाचं काय? तिचे सोलो (एकटीने वाजवायच्या जागा) सरळधोपट आहेत. १९२८ मध्ये तिच्या जागी अर्ल हाइन्स आला, लुईच्या ‘वेस्ट एंड ब्लूज’मधला त्याचा पियानो ऐका. उजवा हात काय मोकळा फिरतो! लिल मागे पडली ती वादनामुळे, बाई म्हणून नव्हे. अन्याय झाला म्हणून सढळ हाताने गुण देता येत नाहीत.

रेवा_कोथरूड
तुलना करताना बँड तरी बघा. हॉट फाइव्हमध्ये ड्रम नाही, बास नाही. कॉर्नेट, ट्रोम्बोन, क्लॅरिनेट ही फुंकवाद्यं वाजवणारे तिघेही सुटलेले, आणि लय सांभाळायला फक्त बँजो आणि लिलचा पियानो. हाइन्सच्या वेळी ड्रमवर झुटी सिंगलटन होता. लय धरायला दुसरा माणूस असला की उजवा हात मोकळा होणारच. सवाईच्या मंडपात तबलजी विलंबितात नेटका ठेका धरून बसतो, तेव्हा त्याला तयारी नाही असं आपण म्हणतो का?

मंद्रसप्तक
यात भर. लिलनेच सांगितलेली आठवण आहे: ऑलिव्हरच्या बँडमध्ये ती पियानोभर ताना घेऊ लागली, तर त्याने अडवलं: क्लॅरिनेटवाला आहे आपल्याकडे, तू नुसते कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धर. तिचं वळण असं घडलं. मात्र रेवा, लयीचं श्रेय बँजोवाल्या जॉनी सेंट सिरलाही तितकंच द्यायला हवं.

पेठेतला_श्रोता
संगतीचा मुद्दा पटला, ड्रमचा विचार मी केला नव्हता. सोलोबद्दल मात्र मत तेच. हॉट फाइव्हमध्ये सोलोची जागा तिला मिळत होती, तिथे कॉर्ड धरून बसायची सक्ती नव्हती.

रेवा_कोथरूड
सोलोवर भांडू या की, खुशाल! वादक म्हणून तिला नावं ठेवलीत तरी मला चालेल, तेवढ्यासाठी तरी तिचा पियानो कान देऊन ऐकावा लागतो. लुई जुलै १९७१ मध्ये गेला आणि पुढच्याच महिन्यात, शिकागोत त्याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात वाजवता वाजवता ही गेली. त्यांचा घटस्फोट १९३८ मध्येच झाला होता. त्यानंतरच्या तेहेतीस वर्षांतली तिची एक तरी रेकॉर्ड पुढच्या सत्रात लावा, एवढंच मागणं आहे.