अंटार्क्टिकावरच इतके अशनी का सापडतात?

कोथरूडची_आई
नमस्कार मंडळी, माझी लेक आठवीत आहे, सध्या अशनींचं, म्हणजे अवकाशातून पडलेल्या दगडांचं, वेड लागलंय. सिंहगडावर गेलो की दिसेल त्या काळ्या दगडाला चुंबक लावून बघते आणि जरा चिकटल्यासारखं वाटलं की लगेच खूश. आता तिने वाचलं की जगात सापडलेल्या अशनींपैकी निम्म्याहून जास्त अंटार्क्टिकावरचे आहेत, तर विचारतेय तिथेच जास्त का पडतात, ध्रुवाचं चुंबकत्व ओढतं का? मला उगाच काहीतरी ठोकून द्यायचं नाहीये, कुणी नीट सांगाल का?

दगडधोंडे
ताई, पडतात सगळीकडेच, चुंबकत्वाचा काही संबंध नाही. तिथे ते साठतात आणि दिसतात, गोम तिथे आहे. पडलेला दगड बर्फात गाडला जातो आणि बर्फ त्याला घेऊन हळूहळू समुद्राकडे सरकत राहतो, पण मध्ये ट्रान्सअंटार्क्टिकसारखे डोंगर आडवे आले की बर्फ अडतो, वर चढतो, आणि तिथले कोरडे सोसाट्याचे वारे त्याला झिजवतात, म्हणजे न वितळताच त्याची वाफ होऊन जाते. दगड कुठे जाणार, तो तिथेच उरतो. हजारो वर्षं हेच चालू आहे! 1969 मध्ये अंटार्क्टिकावरच्या यामातो पर्वतापाशी जपानी संशोधकांना 9 दगड मिळाले, तपासले तर वेगवेगळ्या जातींचे निघाले, म्हणजे एकाच अशनीचे तुकडे नव्हेत, तेव्हा कळलं की बर्फच गोळा करून आणतोय. मग 1976 पासून अमेरिकेची अॅन्समेट ही तिथले अशनी शोधायची मोहीम सुरू झाली.

पर्वती_पहाट
शोधायची पद्धत ऐकून तर लेक उडीच मारेल. निळ्या बर्फावर, म्हणजे वाऱ्याने उघड्या पडलेल्या जुन्या कडक बर्फावर, स्नोमोबाइल ओळीने, मध्ये थोडं थोडं अंतर ठेवून चालवतात आणि डोळ्यांनीच शोधतात. दगडाला उघडा हात लावत नाहीत, स्वच्छ चिमट्याने उचलून टेफ्लॉनच्या पिशवीत घालतात आणि गोठलेल्या अवस्थेतच ह्यूस्टनला नासाच्या केंद्रात पाठवतात. 1984 मध्ये अंटार्क्टिकावरच्याच अॅलन हिल्समध्ये सापडलेला एक दगड मंगळावरचा निघाला, 1996 मध्ये त्यात जीवसृष्टीच्या खुणा असल्याचा दावा झाला आणि केवढा वाद पेटला! बहुतेकांना तो दावा पटलेला नाही, पण त्यामुळे मंगळाच्या अभ्यासाला जोर मिळाला हे नक्की.

दगडधोंडे
आणि सिंहगडाचं सांगायचं राहिलं. आपला सह्याद्री सगळा बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा, त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं, त्यामुळे चुंबकावर भरवसा ठेवू नका. दगडाला बुडबुड्यांसारखी भोकं असतील तर तो बहुतेक लाव्हाच. ताज्या अशनीवर पातळ काळं कवच असतं आणि फुटलेल्या कडेला आतला रंग बऱ्याचदा फिकट, त्यात धातूचे चमकदार कण. भिंगातून तुटलेली कड बघायला सांगा तिला.

कोथरूडची_आई
खूप खूप आभार दोघांचे! लगेच भिंग मागितलं बाईसाहेबांनी. पुढचा प्रश्न, सगळे शोधून झाले की काय करणार?

पर्वती_पहाट
अजून तीन लाखांहून जास्त अशनी बर्फाच्या पृष्ठभागावर पडून असावेत असा 2022 चा अंदाज आहे. पण काळा दगड उन्हाने तापतो, त्याच्याखालचा बर्फ वितळून तो आत जातो. 2024 च्या अभ्यासाप्रमाणे तापमानवाढीमुळे वर्षाला सुमारे 5000 असे दिसेनासे होतायत, म्हणून संशोधकांना घाई आहे.